कुणालाच पाठ नसलेला पासवर्ड

१

काल घरट्यात तीन अंडी होती. आज दोनच होती.

चिऊने लॅपटॉपचा पडदा डोळ्यांजवळ ओढला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. संस्थेच्या आवारातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावरची ती अरुंद कपार, वाळू आणि खडे उकरून केलेलं घरटं आणि त्यात बहिरी ससाण्याची मादी उभी. पंख विस्कटलेले, मान सारखी इकडून तिकडे. तिच्या पायांशी तांबूस ठिपक्यांची दोनच अंडी. तिसऱ्याचा पत्ता नाही.

चिऊ म्हणजे पक्षी-अभ्यास संस्थेतली सगळ्यात धाकटी संशोधक. घरी लाडाने ठेवलेलं हे नाव संस्थेत कुणाच्या तरी कानावर गेलं, आणि पक्ष्यांच्या संस्थेत ते चिकटायला कितीसा वेळ लागणार! या शहरात बहिरी ससाण्याने घरटं केल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. म्हणून मनोरा सगळ्यांना बंद केला होता, वर कॅमेरा बसवला होता, आणि त्या कॅमेऱ्याची जबाबदारी चिऊवर होती. ती जेवताना घरटं बघायची, दात घासताना घरटं बघायची. पिल्लं आज-उद्या बाहेर येणार म्हणून गेले काही दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते.

तिने साठवलेली चित्रं मागे नेली. कॅमेरा अधूनमधून एकेक चित्र जपून ठेवायचा. मधलं जे काही घडे, ते त्या क्षणी थेट बघणाऱ्यालाच दिसायचं. पहाटेच्या चित्रात मादी निवांत बसलेली. पुढच्या चित्रात मादी नाही, घरटं नाही, आकाशसुद्धा नाही. नुसती विटांची भिंत.

त्याच्या पुढच्यात पुन्हा घरटं. दोन अंडी.

कॅमेरा आपोआप वळत नाही. तो संकेतस्थळावर जाऊन, पासवर्ड घालून वळवावा लागतो. कुणीतरी आधी कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे केलं, मग वर जाऊन अंडं उचललं आणि नंतर कॅमेरा शहाण्यासारखा होता तसा करून ठेवला.

तिने मावशीला फोन लावला.

"मावशी, लगेच ये. चोरी झालीय."

"काय गेलं?"

"अंडं."

मावशी म्हणाली, "आधी मला सांग, पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक होता?"

"तेच तर!" चिऊ रडकुंडीला आली. "कुणालाच नाही. मला स्वतःलासुद्धा नाही!"

२

मावशीने सारी नोकरी विमा कंपनीत काढली होती. लोकांची दुकानं खरंच जळली की जाळली, गाडी खरंच चोरीला गेली की मेहुण्याच्या अंगणात उभी आहे, हे शोधण्यात तिची हयात गेली. आता ती निवृत्त होती, पण नाक निवृत्त झालेलं नव्हतं.

"नीट सांग. स्वतःचाच पासवर्ड ठाऊक नाही म्हणजे काय?" संस्थेच्या फाटकातून आत शिरता शिरता तिने विचारलं.

"मागच्या आठवड्यात घरट्याचा एक फोटो बाहेर फुटला. मनोऱ्याखाली बघ्यांची ही गर्दी! सर भडकले. मला म्हणाले, पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदल आणि कुणालाही सांगू नकोस. मलासुद्धा नाही."

"सर म्हणजे तुमचे संचालक?"

"हो. मी तिथल्या तिथे फोनवर बदलला. फोनच विचारतो ना, एखादा अवघड पासवर्ड सुचवू का म्हणून? मी हो म्हटलं. अक्षरांची आणि आकड्यांची नुसती खिचडी होती ती. मी धड वाचलीसुद्धा नाही. फोनने सुचवली, फोननेच ठेवून घेतली."

"लिहून ठेवलास कुठे?"

"छे!"

"कुणी खांद्यावरून पाहिलं?"

"सर सोडले तर तिथे कुणी नव्हतं. आणि ते खिडकीशी पाठमोरे उभे होते."

मावशीने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. अवघड दावा समोर आला की ती असंच करायची. "चल, आधी तुझ्या सरांनाच भेटू."

सरांच्या खोलीचं दार उघडलं आणि गरम हवेचा लोट अंगावर आला. बाहेर ऊन तापलेलं, तरी पंखा बंद, खिडक्या बंद. सर टेबलामागे बसलेले, डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली लोकरी टोपी, बाजूला नेहमीची काठी टेकवलेली.

"सर्दी झाली आहे," कुणी न विचारताच ते म्हणाले. "वारा सोसत नाही. या बाई कोण?"

"मी हिची मावशी. हिच्या आईला मी वचन दिलंय, हिच्यावर आळ आला तर मी शेजारी बसेन म्हणून."

सरांनी दोघींना बसायची खूण केली आणि चिऊपुढे हात केला. तिने घाईघाईने लिहिलेलं निवेदन त्यांच्या हातात दिलं. सरांनी लाल पेन उघडलं आणि पहिल्याच ओळीत थांबले.

"'तिसरं अंडं'? बोलताना काय हवं ते बोल. कागदावर 'तिसरे अंडे'. हे मी तुला किती वेळा सांगितलं आहे?"

"सर, इथे अंडंच गेलंय आणि तुम्ही अनुस्वार काय काढताय!"

"शिस्त म्हणजे शिस्त." पण आवाजात नेहमीची धार नव्हती. "उद्या सकाळी चौकशीला समिती येणार आहे. पासवर्ड फक्त तुझ्याकडे होता. खुलासा मिळेपर्यंत घरट्याचं काम तुझ्याकडे राहू शकत नाही. माझा नाइलाज आहे."

चिऊच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मावशी मात्र खोली न्याहाळत होती. तिच्या खुर्चीमागे एक बंद कपाट. भिंतीवर नियमांची पाटी: घरट्याला हात लावणाऱ्यास संस्थेतून काढण्यात येईल. खाली सरांचीच सही.

"कुणाला काढलंय का कधी?" मावशीने विचारलं.

"गेल्या वर्षी. एका हुशार मुलाला." सरांनी कपाळावरचा घाम पुसला. "नियम सगळ्यांना सारखा."

दोघी बाहेर पडल्या. मावशी पदराने वारा घेत म्हणाली, "बाई गं, भट्टीत बसल्यासारखं वाटलं. मनोऱ्याची किल्ली कुठे असते?"

"तिथेच, व्हरांड्यात खिळ्याला. संस्थेतला कुणीही काढू शकतो."

"म्हणजे किल्ली सगळ्यांकडे आणि पासवर्ड कुणाकडेच नाही. मजा आहे!"

तिचे डोळे चमकत होते. चिऊला तिचा राग आला आणि त्याच वेळी जरा धीरही आला.

३

मनोऱ्याच्या पायथ्याशी घड्याळवाले काका तेलाचा डबा घेऊन बसले होते. मनोऱ्यावरचं घड्याळ चालू ठेवणं हे त्यांचं काम. ससाणे आल्यापासून त्यांना वर जायची बंदी होती आणि घड्याळ केव्हाचं बंद पडलं होतं.

"सगळं शहर मला विचारतं, काका, किती वाजले? मी काय सांगू, पाखराला विचारा?" काका तावातावाने म्हणाले. "त्या शिटांनी चाकं गंजायची वेळ आलीय. राग आहेच माझा. पण अंडं-बिंडं चोरायला मी काय मांजर आहे?"

"वर गेलं तर काय होतं, काका?" मावशीने विचारलं.

"डोकं फुटतं! ती मादी बाण सुटल्यासारखी टाळक्यावर येते. ही चिऊसुद्धा हेल्मेट घालून गेली होती, आणि तेव्हा अजून अंडीही नव्हती."

काकांनी स्वतःची टोपी काढून गुळगुळीत टक्कल दाखवलं. ओरखडासुद्धा नव्हता. मग त्यांनी खिशातून बटणांचा जुना फोन काढून मावशीच्या हातात ठेवला. "आणि तो कॅमेरा वळवायला म्हणे इंटरनेट लागतं. हा घ्या माझा इंटरनेट."

मावशीने फोन परत दिला. "तुम्ही सुटलात."

दुसरा संशयित जास्त भारी होता. संस्थेचा छायाचित्रकार, ज्याला सगळे फोकस म्हणत. कडे चढून गरुडांचे फोटो काढणारा माणूस. त्याने घरट्याजवळ जायची परवानगी तीनदा मागितली होती आणि चिऊने तीनदा नाकारली होती. तो आपल्या खोलीत पाय खुर्चीवर ठेवून बसला होता. गुडघ्याला पांढरंशुभ्र बँडेज आणि कपाळावर खरचटल्याची ताजी खूण.

चिऊने मावशीचा दंड घट्ट धरला.

"कपाळाला काय झालं?" मावशीने गोड आवाजात विचारलं.

"परवा जिन्यावरून पडलो. गुडघा फुटला, कपाळ आपटलं. हसा, हसा! सगळेच हसतायत. कड्यावरून कधी पडलो नाही, आणि पडलो कुठे, तर सासऱ्यांच्या जिन्यावर."

"कॅमेऱ्याचा पासवर्ड होता तुझ्याकडे?"

"मावशी, असता तर घरट्याचे फोटो काढायला मी या बयेच्या पाया पडलो असतो का?"

परतताना चिऊ जवळजवळ पळत होती. "तोच आहे! कपाळ बघितलंस? आणि महिन्याभरापूर्वी त्याच्याच लॅपटॉपवर मी माझी मेल उघडली होती."

मावशी मधेच थांबली. "एक मिनिट. त्याच्या लॅपटॉपचा इथे काय संबंध? पासवर्ड तर फोनवर जन्माला आला."

"संबंध नाहीच म्हणा," चिऊ गोंधळली. "पण..."

"आज सकाळी तू घरटं कशावर पाहिलंस?"

"माझ्या लॅपटॉपवर."

"पासवर्ड तुला पाठ नाही. लिहिलेला नाही. तो फोनच्या पोटात आहे. मग तुझ्या लॅपटॉपला कुणी सांगितला?"

चिऊ आपल्या टेबलाकडे धावली.

४

चिऊच्या टेबलावर मावशीने फोन आणि लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवायला लावले.

"दोन्हीवर माझं एकच खातं आहे," चिऊ सांगू लागली. "फोनवर ठेवलेला पासवर्ड त्या खात्यातून आपोआप लॅपटॉपवर येतो. मला काहीच करावं लागत नाही. चौकटीत बोट ठेवलं की भरलेलाच असतो."

"म्हणजे जिथे जिथे तुझं खातं उघडं आहे, तिथे तिथे हा पासवर्ड पोचणार."

"हो, पण माझं खातं फक्त या दोन..." चिऊ अडखळली. "फोकसच्या लॅपटॉपवर मी उघडलं होतं. पण ते पाहुण्यांसाठीच्या खिडकीत. बंद केलं की सगळं पुसलं जातं. मी स्वतः बंद केली होती. नक्की!"

"अजून कुठे?"

"अजून... सभागृहात!" ती ताडकन उठली. "मागच्या महिन्यात माझं व्याख्यान होतं. तिथे संस्थेचा एक लॅपटॉप होता. चित्रं माझ्या खात्यात होती म्हणून मी घाईत खातं उघडलं. त्याने काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. टाळ्या झाल्या, चहा झाला आणि मी तशीच निघून आले. मावशी, मी बाहेर पडलेच नाही त्यातून!"

"तो लॅपटॉप आता कुणाकडे आहे?"

"ज्याला लागेल तो नेतो. नोंद कसली नसते."

मावशीने पर्स पुन्हा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग हळूच विचारलं, "हा रस्ता एकेरी आहे की दुहेरी?"

"म्हणजे?"

"तुझे पासवर्ड त्या लॅपटॉपवर जातात. त्या माणसाने तिथे स्वतःचा एखादा पासवर्ड जपून ठेवला, तर तो कुठे येतो?"

चिऊने उत्तर द्यायच्या आधीच फोन उचलला. साठवलेल्या पासवर्डांच्या यादीवरून तिचं बोट भराभर खाली सरकू लागलं. बँक, वीजबिल, ग्रंथालय, रेल्वे... आणि बोट थबकलं.

"हे माझं नाही."

एक होतं पोहण्याच्या तलावाचं आरक्षण. दुसरं होतं एका व्यायाम-वर्गाचं: 'गुडघे पुन्हा तरुण करा'. दोन्हीकडे वापरणाऱ्याचं नाव एकच, 'नवागुडघा'.

"गुडघा!" चिऊ ओरडली. "फोकस!"

"हळू. हे कधी साठवलंय, ते दिसतं का?"

दिसत होतं. व्याख्यानानंतरच्या आठवड्यात.

"त्या पोराचा गुडघा परवा फुटला," मावशी म्हणाली. "पडण्याआधीच कुणी व्यायाम सुरू करत नाही. हा दुसराच कुणीतरी आहे. ज्याचे गुडघे जुने आहेत, पण कुणाला न सांगता नवे करायचं चाललंय."

चिऊचं बोट त्या नोंदीवर गेलं. "मी हे उघडून बघू? आत खरं नाव असेल."

मावशीने तिच्या हातावर चापट मारली. "किल्ली चुकून आपल्या हातात आली म्हणून दुसऱ्याच्या घरात शिरायचं नसतं. त्याने तेच केलं, म्हणून तर आपण इथे बसलोय. दुसरा मार्ग काढ."

चिऊ फोनकडे बघत राहिली. आणि मग तिने एकदम मान वर केली.

"मावशी, रस्ता दुहेरी आहे ना? मग मी त्याला निरोप पाठवू शकते!"

५

कल्पना साधी होती. फोनवर कॅमेऱ्याच्या पासवर्डाशेजारी वापरणाऱ्याचं नाव साठवलेलं होतं. ते तिने पुसलं आणि त्या जागी लिहिलं: अंडं उबेत ठेवा, अधूनमधून हळूच फिरवा.

"आता तो चोर कॅमेरा उघडायला गेला की त्याचा लॅपटॉप चौकटीत नाव म्हणून हेच दाखवणार! आणि त्याने तिथे काही बदलून जपून ठेवलं, तर ते माझ्या फोनवर येणार!"

"तो पुन्हा उघडेल कशावरून?"

"अंडं नेणारा माणूस मागे राहिलेल्या दोघांकडे बघितल्याशिवाय राहील?"

वाट बघणं सुरू झालं. चहा आला, निवला, तसाच परत गेला. ऊन कलायला लागलं. चिऊ दर मिनिटाला फोन उघडत होती आणि मावशी शांतपणे तिच्याकडे बघत होती.

आणि एकदा उघडला तेव्हा नाव बदललेलं होतं.

"मावशी!" चिऊ खुर्चीवरून पडायचीच बाकी होती. त्या चौकटीत कुणीतरी लिहिलं होतं: अंडे उबेत आहे, काळजी नसावी.

जिवंत आहे! चिऊने मावशीला मिठी मारली, मग दोन पावलं नाचली, मग एकदम रडली. "कोण आहे हा? असा कसा बोलतो? आणि चोरी करून वर काळजी नसावी!"

तिने भराभर लिहिलं: तुम्ही कोण?

उत्तर नाही. संस्थेचे दिवे एकेक करून बंद होऊ लागले, तरी उत्तर नाही. मावशीने तिला ओढतच घरी नेलं.

सकाळी डोळे उघडताच तिने उशाखालचा फोन घेतला. नाव पुन्हा बदललं होतं: कवच आतून फुटत आहे, आता काय करू?

चिऊ तशीच, केस न विंचरता, मावशीच्या खोलीत धावली. "पिल्लू बाहेर येतंय! आणि तो घाबरलाय! मावशी, आत्ता सापडायला हवा, आत्ता!"

मावशीने चष्मा लावला आणि तो मजकूर दोनदा वाचला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "तो कोण आहे ते मला कळलं."

६

रिक्षात मावशी बोलत होती आणि चिऊ ऐकत होती.

"हे वाच. 'अंडे उबेत आहे.' अंडे! तू काय म्हणतेस? अंडं. काका? अंडं. तो फोकससुद्धा अंडंच म्हणेल. घाबरून मदत मागतानासुद्धा जो 'अंडे' लिहितो, असा माणूस तुमच्या संस्थेत कोण आहे?"

चिऊने मान हलवली. "नाही. शक्यच नाही. त्यांना जिना चढवत नाही, काठी लागते."

"काल आपण बसलो तेवढ्या वेळात काठी एकदा तरी हातात घेतली का? ती नुसती टेकवलेली होती. कुणीतरी महिनाभर पोहतंय, व्यायाम करतंय आणि कुणाला कळू नये म्हणून काठी बाळगतंय."

"पण सर्दी..."

"इतका वेळ बसलो, एकदा तरी शिंकले? नाक ओढलं? टोपी कशासाठी? काकांनी सांगितलं ना, मादी टाळक्यावर येते. आणि पंखा बंद कशासाठी? खोली गरम कशाला हवी?"

चिऊ मावशीकडे वळली. "अंडं... काल तिथेच होतं? आपल्यासमोर?"

"बहुतेक माझ्या खुर्चीमागच्या कपाटात."

रिक्षा थांबायच्या आतच चिऊ उतरली होती. व्हरांडा, खिळा, दार. तिने दारावर थापही मारली नाही.

सर जमिनीवर मांडी घालून बसले होते. टोपी बाजूला पडलेली, टाळूवर तीन लांब ओरखडे. समोर कपाटाचं दार उघडं आणि आत जुनी उबवण पेटी, दिवा लावलेली. एका हातात तापमापक आणि मांडीवर संस्थेचा लॅपटॉप. संस्थेचे कडक शिस्तीचे संचालक चक्क खुडूक कोंबडीसारखे अंडं उबवत बसले होते.

त्यांनी वर पाहिलं. पळवाट शोधली नाही की सारवासारव केली नाही. फक्त म्हणाले, "चिऊ, लवकर ये. ते अडकलं आहे गं."

ती धावली. कवचाला वरच्या बाजूने तड्याचा जवळपास पूर्ण वेढा पडला होता आणि आतून एक इवलीशी चोच पुन्हा पुन्हा धडका देत होती.

"हात लावू नका. अडकलेलं नाही, दमलंय. थोडं पाणी ठेवा पेटीत, हवा कोरडी झालीय."

सरांनी निमूटपणे पाण्याची वाटी आणून ठेवली. मावशी दार लावून आतल्या बाजूला उभी राहिली.

"आता सांगा," ती म्हणाली.

"पासवर्ड मीच गुप्त ठेवायला सांगितला होता," सर पेटीवरची नजर न काढता बोलू लागले. "आणि पहिल्याच रात्री मला चैन पडेना. घरटं बघायची सवय लागली होती. दुसऱ्या दिवशी या लॅपटॉपवर सहज पान उघडलं, तर पासवर्ड आपोआप भरलेला. मला काही कळलं नाही. कळून घेतलंही नाही. रोज पहाटे बघत राहिलो."

"आणि काल?"

"मादी दचकून उठली. तिच्या पायात आलं आणि अंडं बाहेर घरंगळलं, पन्हाळीच्या तोंडाशी जाऊन थांबलं. ती परत येऊन दोघांवरच बसली. तिसऱ्याकडे बघेना. वारा सुटला होता. कवचाला तडा दिसत होता. आत कुणीतरी होतं. घरट्याला हात लावला म्हणून मी एका मुलाला काढलं होतं. मीच जाताना दिसलो असतो तर? म्हणून कॅमेरा वळवला."

"आणि आळ माझ्यावर येऊ दिलात," चिऊ म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण सरांची मान खाली गेली.

"हो."

"मी रात्रभर झोपले नाही, सर."

"मला ठाऊक आहे. तू 'तुम्ही कोण' विचारलंस तेव्हा तीनदा माझं नाव लिहिलं आणि तीनदा पुसलं. भित्रा आहे मी. समितीसमोर आज..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. पेटीतून बारीकसा चिर्र आवाज आला, कवचाची टोपी उडाली आणि एक ओलं, गुलाबी, पांढऱ्या लवेचं गाठोडं बाहेर लोळलं.

तिघंही एकदम ओरडले.

७

समितीची माणसं आली तेव्हा सर फाटकात उभे होते, डोकं उघडं, हातात काठी नाही. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. चिऊचा दोष नाही, नियम मी मोडला, काय शिक्षा करायची ती करा, आणि गेल्या वर्षीच्या त्या मुलाला आधी परत बोलवा. समितीतल्या बाई काही बोलणार तोच चिऊ मधे पडली.

"माफ करा, ते सगळं नंतर. पिल्लाचं अंग वाळलंय. आता ते आईकडे जायला हवं."

हेल्मेट घालून, कापसाच्या डबीत पिल्लू घेऊन ती मनोऱ्यात शिरली. काका खाली शिडी धरून. वरच्या झरोक्यातून तिने मान बाहेर काढताच आकाशातून काहीतरी सुसाटत आलं आणि हेल्मेटवर खाडकन आदळलं. डोळे मिटून तिने हात लांब केला, पिल्लू त्या दोन अंड्यांना टेकवून ठेवलं आणि आत सटकली. ती शिडी उतरून खाली आली.

"घेईल का ती?" काकांनी विचारलं.

"ठाऊक नाही."

ती व्हरांडा पळत ओलांडून सरांच्या खोलीत आली. पंखा गरगरत होता. समिती, फोकस, मावशी सगळे लॅपटॉपभोवती दाटीवाटीने उभे. काकाही तेलकट हातांनी दारात येऊन थांबले. पडद्यावर पिल्लू एकटंच डोकं उचलायचा प्रयत्न करत होतं आणि ते डोकं त्याला पेलत नव्हतं.

मादी कपारीच्या कडेवर उतरली. तिने मान तिरकी केली. एक पाऊल टाकलं. मागे घेतलं.

"जा ना गं," फोकस पुटपुटला.

ती पुढे झाली. पिल्लाच्या डोक्याशी चोच नेली. त्याच चोचीने तिने त्याला अलगद, अगदी अलगद, आपल्याकडे ओढलं आणि पंख पसरून तिघांवर बसली.

"घेतलं! पोटाखाली घेतलं!" सर लहान मुलासारखे ओरडले आणि शेजारच्या समितीच्या बाईंचा हात धरून गदागदा हलवू लागले. त्याही हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

चिऊने वाकून मादीच्या पोटाच्या पिसांमधून डोकावणारं ते इवलंसं डोकं पाहिलं. मग ती खाली फरशीवर बसली, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून, आणि पोटभर हसत सुटली.